हे कुठे लिहिले आहे?

श्रोते हो, आजच्या भाषणाची सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. शिक्षकाने आपली चूक चारचौघांत सांगू नये, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण ही चूक मी चारचौघांतच केली होती. तेव्हा ती सांगायचीही चारचौघांतच.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी आठवीला इतिहास शिकवीत होतो. पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी चार शब्द बोलायचे, असा आमच्या गावचा रिवाज. आदल्या रात्री माझ्या मोबाईलवर एक मजकूर येऊन पडला होता. ‘लॉर्ड मेकॉले याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात केलेले भाषण’ असे त्याच्या डोक्यावर लिहिले होते. मी सारा हिंदुस्थान उभाआडवा हिंडलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. असा देश जिंकायचा तर त्याचे जुने शिक्षण मोडले पाहिजे, अशा अर्थाचा तो मजकूर होता. मला तो फार आवडला. झेंड्याखाली उभे राहून मी तो खड्या आवाजात वाचला. टाळ्या पडल्या. गावातल्या एका निवृत्त फौजी काकांनी पुढे येऊन माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात गेलो. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, तुम्ही जुलैमध्ये लिहून दिलं होतं, की मेकॉलेनं शिक्षणाचं टिपण कलकत्त्याला लिहिलं, तारीख २ फेब्रुवारी १८३५. मग काल वाचलेलं भाषण त्यानं त्याच तारखेला लंडनला कसं केलं? तेव्हा विमान होतं का?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण माझे हसणे काही खरे नव्हते. “उद्या बघून सांगतो,” म्हणालो. ती खाली बसता बसता म्हणाली, “आणि गुरुजी, हे भाषण लिहिलंय कुठं?”

खिशातला मोबाईल काढून मी तो मजकूर पुन्हा पाहिला. लिहिणाऱ्याचे नाव नाही, पुस्तकाचे नाव नाही, पान नाही. तळाशी एवढेच होते, की हे दहा जणांना पाठवा.

त्या रात्री मी शोधाला लागलो. माझे इंग्रजी बेताचे. तालुक्याच्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या बाई मदतीला आल्या. ज्या मोबाईलने मला फसविले होते, त्याच मोबाईलवर आम्ही तीन कागद शोधले.

पहिला कागद म्हणजे मेकॉलेचे ते प्रसिद्ध टिपण. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते सबंध वाचायला मिळते. तारीख २ फेब्रुवारी १८३५, म्हणजे आमच्या मुलीने वहीत लिहिली होती तीच. दुसरा कागद मेकॉलेच्या चरित्राचा. तो १८३४ च्या फेब्रुवारीत विलायतेहून जहाजाने निघाला आणि जूनमध्ये मद्रासला उतरला. प्रवासालाच जवळजवळ चार महिने लागले. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा तो कायदा सदस्य होता आणि १८३८ पर्यंत तो परत गेला नाही. टिपण लिहिताना त्याला येथे येऊन आठच महिने झाले होते. मद्रास, म्हैसूर, उटकमंड आणि कलकत्ता एवढाच मुलूख त्याने पाहिला होता. सारा हिंदुस्थान हिंडल्याची बात तिथेच संपली. तिसरा कागद म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटाच्या कामकाजाचा वृत्तान्त. त्याला ‘हॅन्सार्ड’ म्हणतात. १८०३ पासूनचा हा वृत्तान्त इंटरनेटवर फुकट उघडता येतो. त्यात पाहावे, तर २ फेब्रुवारी १८३५ ला पार्लमेंट भरलेच नव्हते. विलायतेत तेव्हा निवडणुका चालू होत्या. नवे पार्लमेंट भरले १९ फेब्रुवारीला.

म्हणजे माणूस कलकत्त्यात आणि सभागृह बंद. भाषण बनावट होते.

पुढच्या सोमवारी परिपाठाच्या वेळी मी मुलांसमोर उभा राहिलो आणि सांगितले, की पंधरा ऑगस्टला मी जे वाचले ते खोटे होते. ते खोटे आहे हे आठवीतल्या एका मुलीच्या प्रश्नामुळे कळले. बातमी गावात गेली. संध्याकाळी पारावर फौजी काका भेटले. थोडे नाराज दिसले. म्हणाले, “गुरुजी, आपल्या देशाची थोरवीच सांगत होता की तो कागद. असंना का खोटा, बिघडलं काय?”

हा प्रश्न मोलाचा आहे. तुमच्याही मनात तो आला असेल. काकांना मी जे सांगितले ते आज तुम्हांलाही सांगतो.

एक म्हणजे, राग यायला खरे टिपण पुरेसे आहे. आपल्या सबंध वाङ्मयाला मेकॉलेने त्यात तुच्छ लेखले आहे, आणि ते मूळ भाषा न शिकता. ७ मार्च १८३५ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक याने त्याच धोरणाचा ठराव केला. हे सारे लेखी आहे. खरा कागद हातात असताना खोट्याच्या आधाराने आपण आपलीच बाजू लंगडी करतो. उद्या कोणी खोटा कागद उघडा पाडला, तर मुले खऱ्या कागदावरही विश्वास ठेवणार नाहीत.

दुसरे असे, की देशात भिकारीच नव्हता असे म्हटले, की ज्यांनी उपासमार सोसली ती माणसे इतिहासातून पुसली जातात. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि शेतसारा भरणाऱ्या बहुजनांची मुले निरक्षर राहतात, म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यात मागणी आहे. त्या बनावट भाषणातल्या देशात फुल्यांना हे निवेदन लिहिण्याचे कारणच उरले नसते. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते निवेदन मोबाईलवर असेल तर मला दाखवा.” मी दाखविले.

श्रोते हो, ही हकिकत मी लांबण लावून सांगितली याला कारण आहे. इतिहास आणि समाजशास्त्र शिकविणाऱ्या खेड्यातल्या शिक्षकाला आज साधनांची वाण राहिलेली नाही. पूर्वी आमच्या शाळेत एक कपाट, त्यात पन्नास पुस्तके आणि भिंतीवर फाटका नकाशा. आता बोट लावले की हजार पाने पुढे उभी राहतात. पण पुस्तकाला पुठ्ठा असे, लेखक असे, छापखान्याचे नाव आणि साल असे. मोबाईलच्या काचेवर सरकारी दफ्तरातला कागद आणि कोणीतरी रात्री बसून रचलेला मजकूर एकसारखेच दिसतात. दाणा आणि खडा एकाच सुपात आले आहेत. पाखडायचे काम शिक्षकाचे, आणि ते मुलांना शिकविण्याचेही.

त्यासाठी चार प्रश्न पुरतात. आमच्या वर्गात ते फळ्याच्या वर खडूने लिहिलेले असत. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याला हे कशावरून कळले? आणि दुसऱ्या कोणी तेच सांगितले आहे का? पाचवीच्या मुलालाही हे प्रश्न कळतात. ‘दहा जणांना पाठवा’ म्हणणारा मजकूर पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

आता साधने कुठे शोधायची ते सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. मी संकेतस्थळांचे लांबलचक पत्ते वाचणार नाही. नाव मराठीत टाकले तरी जागा सापडते. मात्र शोधल्यावर जी पहिली ओळ वर येईल तीच खरी, असे मानू नका. सरकारी संस्था, विद्यापीठ किंवा ग्रंथालय असे काही नाव दिसते का, ते आधी पाहा.

पहिले ठिकाण घरचेच. बालभारतीची पाठ्यपुस्तके ‘ई-बालभारती’वर मिळतात. ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंकही तिथे ठेवले आहेत. केंद्र सरकारने २०१७ साली ‘दीक्षा’ सुरू केले. पाठ्यपुस्तकातल्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर मोबाईल धरला, की त्या पाठाची चित्रफीत किंवा प्रश्न उघडतात. हे तयार ताट आहे, कामाचे आहे. पण रोज तयार ताटावर राहिलो, तर स्वयंपाकाची सवय जाते.

एखाद्या विषयाची पहिली ओळख करून घ्यायची असेल, तर मराठी विश्वकोश उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता त्यातल्या नोंदी इंटरनेटवर वाचता येतात, आणि मराठीत. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव असते, आधाराची पुस्तके दिलेली असतात. आपल्या चार प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे तिथेच मिळतात.

आपल्या जिल्ह्याची माहिती हवी असेल, तर गॅझेटियर. मुंबई इलाख्याचे जिल्हा गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्याच्या संपादनाखाली निघाले. खानदेशचा ग्रंथ १८८० चा, नाशिकचा १८८३ चा, सोलापूर आणि अहमदनगरचे १८८४ चे, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात आणि विदर्भ दुसऱ्या प्रशासनाखाली होता, म्हणून त्या भागांची माहिती वेगळ्या मालांत शोधावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने जुने-नवे पुष्कळ ग्रंथ इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यांत पिके, बाजाराचे गाव, घाट, तळी, दुष्काळ, शाळा असे सगळे सापडते. पण एक सावधगिरी बाळगा. हे ग्रंथ गोऱ्या साहेबांनी राज्यकारभारासाठी लिहिले. जातीजमातींविषयी त्यांतली काही वाक्ये आज वर्गात उच्चारू नयेत अशी आहेत. पिकांची यादी घ्यावी. माणसांच्या स्वभावाची साहेबाने केलेली यादी तशीच्या तशी घेऊ नये. त्याने असे का लिहिले असेल, हा प्रश्न मात्र वरच्या वर्गात जरूर विचारावा.

मूळ कागदच वाचायचे असतील तर इतिहासाचार्य राजवाडे यांच्याकडे जावे. गावोगाव हिंडून, माळ्यावरची दफ्तरे मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचे २२ खंड काढले. पहिला खंड १८९८ चा. मोडीतली पत्रे त्यांनी बाळबोध लिपीत छापली, म्हणून ती आपल्याला वाचता येतात. हे खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नावाच्या ग्रंथभांडारात आहेत. हे भांडार १९९६ साली अमेरिकेत सुरू झाले आणि फुकट आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही ‘अभिलेख पटल’ या नावाने आपली कागदपत्रे खुली केली आहेत.

फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडाखंडांनी काढीत आले आहे. ह्यांच्याही प्रती इंटरनेटवर मिळतात.

नागरिकशास्त्राच्या शिक्षकासाठी एक खास ठिकाण सांगतो. घटना समितीचे काम ९ डिसेंबर १९४६ ला सुरू झाले. तिथे कोण काय बोलले ते सारे लिहून ठेवलेले आहे आणि संसदेच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडला. त्या भाषणात त्यांनी खेड्यातल्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कडक टीका केली. दुसऱ्या दिवसापासून अनेक सभासदांनी खेड्याची बाजू घेतली. पुढे २२ नोव्हेंबरला ग्रामपंचायती स्थापन करण्याविषयीची दुरुस्ती आली, ती के. संथानम यांनी मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी स्वीकारली. तेच घटनेतले ४० वे कलम. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाशेजारी भरणाऱ्या शाळेत हा वाद दोन्ही बाजूंनी वाचून दाखवा. निम्मा वर्ग एकीकडे, निम्मा दुसरीकडे. मोठी माणसे मतभेद असूनही एका ओळीवर कशी येतात, ते मुलांना दिसते.

एवढ्या जागा सांगितल्यावर कोणी म्हणेल, गुरुजी, ही तर यादी झाली. वर्गात काय करायचे? म्हणून मी घेतलेला एक पाठ सांगतो. त्याला एकच आकड्यांचा तक्ता लागतो.

भारताच्या जनगणना खात्याने १९०१ पासून दर दहा वर्षांनी लोकसंख्या कशी वाढली त्याचा तक्ता इंटरनेटवर ठेवला आहे. राज्यांचा आहे, जिल्ह्यांचाही आहे. आजच्या महाराष्ट्राची जी हद्द आहे, तेवढ्या मुलखाचे आकडे मी फळ्यावर लिहिले. १९०१ साली सुमारे १ कोटी ९४ लाख. १९११ साली सुमारे २ कोटी १५ लाख. १९२१ साली सुमारे २ कोटी ८ लाख ५० हजार. १९३१ साली सुमारे २ कोटी ४० लाख. आणि मी खडू खाली ठेवून बाकावर बसलो.

वर्ग थोडा वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, तुमचा आकडा चुकला. मधेच कमी झालाय.” मी म्हणालो, आकडा बरोबर आहे. दहा वर्षांत माणसे वाढायची, ती सव्वासहा लाखांनी कमी झाली. का?

मुलांनी अंदाज सांगितले. कोणी म्हणाले लढाई, कोणी म्हणाले दुष्काळ, कोणी म्हणाले भूकंप. मी एकालाही चूक म्हटले नाही. फक्त विचारले, कशावरून? मग आम्ही दुसरा कागद काढला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. जूनमध्ये मुंबईत तिची पहिली लाट दिसली. सप्टेंबर-ऑक्टोबरात आली ती दुसरी लाट फार घातक ठरली. साऱ्या हिंदुस्थानात ह्या साथीने किती माणसे गेली, याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि धान्य महागले. प्लेगही पुरता गेलेला नव्हता. म्हणजे तो एक आकडा कमी होण्यामागे एकच कारण सांगून चालत नाही, हेही मुलांना कळले.

तिसरा कागद नव्हताच; तो होता एक शब्द. माझ्या लहानपणी आजी कोणाचे वय सांगताना म्हणायची, “मानमोडीच्या साली हा रांगत होता.” मानमोडी म्हणजे ती १९१८ ची साथ, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मुलांना मी सांगितले, घरी जाऊन विचारा, हा शब्द कोणी ऐकला आहे का. बहुतेकांच्या घरी कोणाला ठाऊक नव्हता. पण एका मुलाच्या पणजीला ठाऊक होता. तिच्या सासूची सासरकडची पाच माणसे आठ दिवसांत गेली होती आणि उचलायला गावात धडधाकट माणूस उरला नव्हता, असे तिने ऐकले होते. तो मुलगा हे सांगू लागला तेव्हा वर्ग अगदी शांत होता. फळ्यावरच्या आकड्याला घर मिळाले होते.

पुढे २०२० साली करोनाची साथ आली आणि शाळा बंद झाल्या. तेव्हा त्या वर्गातल्या एका मुलाने मला फोन केला. म्हणाला, “गुरुजी, आपली लोकसंख्या आता मोजली तर खाली येईल का?” मला वाटते, इतिहास शिकविल्याचे याहून चांगले प्रमाणपत्र मिळणार नाही.

आपल्या जिल्ह्याचा तक्ता तुम्हीही काढा. जनगणना खाते ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ काढते. २०११ च्या पुस्तिकेत गावागणिक घरे, माणसे, साक्षर, पाण्याची सोय, शाळा असे सगळे आहे. आपल्या गावची ओळ शोधून मुलांना द्या आणि एखादी आळी त्यांना स्वतः मोजू द्या. आकडा कुठून येतो ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आता अडचणींविषयी. गावात रेंज नाही, वीज जाते, तीस मुलांत चांगला मोबाईल एकाकडे. हे सगळे खरे आहे आणि मी ते भोगले आहे. म्हणून माझा रिवाज असा होता, की आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला गेलो, की लागणारे पान तिथेच मोबाईलवर उतरवून घ्यायचे. दोन रुपयांत त्याची एक छापील प्रत काढायची आणि वर्गात भिंतीला डकवायची. तीस मुलांना तीस मोबाईल लागत नाहीत. चांगला कागद एक असला आणि प्रश्न चांगला असला, तर तास निभावतो. ग्रंथ इंग्रजीत असेल, तर मोबाईल त्याचे मराठी करून देतो. पण ते मराठी डोळे झाकून घेऊ नका. नावे आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा.

शेवटी एक गोष्ट, आणि ती इंटरनेटवर सापडणार नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात तळाशी एक जुने जनरल रजिस्टर असेल. एखाद्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरेबुकही असेल. शंभर वर्षांपूर्वी शाळेत किती मुली होत्या, पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, पेरणीच्या दिवसांत हजेरी किती पडत असे, मुलाने शाळा सोडली त्याचे कारण काय लिहिले आहे, हे सारे त्यात आहे. आमच्या शाळेत १९१८ च्या दिवाळीनंतर नावापुढे ‘मयत’ असा शेरा असलेल्या सात नोंदी मी पाहिल्या. तो पाठ घेऊन झाल्यावर मी रजिस्टर उघडले होते. आधी उघडले असते, तर तक्त्याचीही गरज पडली नसती.

हे कागद वाळवी खाते आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांची पाने मोबाईलवर टिपून ठेवा. त्यांत माणसांच्या जाती आणि घरची माहिती असते, म्हणून ती छायाचित्रे गावभर पाठवू नका. वर्गात नावे झाकून फक्त साल आणि संख्या दाखवा. राजवाडे माळ्यावरची दफ्तरे शोधीत पायी हिंडले. आपल्याला हिंडायचे नाही, शाळेचे कपाट उघडायचे आहे.

आणि पालकांनाही माझे सांगणे आहे. तुमचे मूल घरी येऊन विचारील, “बाबा, तुम्हांला आलेला हा मजकूर कुठं लिहिलाय?” तेव्हा त्याला रागावू नका. माझ्या वर्गातल्या त्या मुलीवर मी रागावलो असतो, तर ते खोटे भाषण मी पुढच्या पंधरा ऑगस्टलाही वाचले असते. ती मुलगी आता कॉलेजात इतिहास शिकते आहे. मी अजून कुठे भाषणाला उभा राहिलो, की ती समोर वही घेऊन बसली आहे असे मला वाटते, आणि बोलण्याआधी मी माझे कागद पुन्हा एकदा तपासतो. आजही तपासूनच आलो आहे.